जिल्ह्यात मेडिकल कॉलेज आलं. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर यावा म्हणून निवेदनात काय मागावं?

कठाणीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा आहे, पण मेळघाट, झरी-जामणी, जिवती सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच असेल.

ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. अधीक्षकाचं एक आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची तीन पदं मंजूर. बॉण्डवरचे (सरकारी कॉलेजात शिकल्यावर सक्तीची वर्षभर सेवा देणारे) एमबीबीएस येतात आणि वर्ष भरायच्या आत जातात. ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, दिवा आहे. भूलतज्ज्ञ नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, रक्त साठवायची सोय नाही. बाळंतीण अडली की १०८ आणि रेफर.

२०२४ पासून गडचिरोलीला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, १०० जागा. तेव्हापासून लोक म्हणून राहिले का आता डॉक्टरांची ददात मिटली. काही जण म्हणतात १०० च्या १५० जागा मागा, काही म्हणतात दक्षिणेकडे, अहेरी भागात आणखी एक कॉलेज मागा. काही ग्रामसभा मिळून ठराव घेऊन निवेदन देणार आहेत. "डॉक्टर द्या" एवढंच लिहिलं तर त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नेमकं काय मागावं, कोणाकडे मागावं आणि कॉलेजचा तालुक्याला फायदा व्हायला किती वर्षं लागतात, हे जाणकारांनी सांगावं. जागा वाढवा ही मागणी ठेवावी की काढावी, यावर आमच्यातच दोन तट आहेत.

---

पीएसएम_शिक्षक

जागा वाढवायची मागणी काढा. कारण सांगतो, आणि आधी कालावधीचा हिशेब.

२०२४ ला प्रवेश घेतलेल्या मुलाचं एमबीबीएस साडेचार वर्षांचं, म्हणजे २०२९. वर्षभर इंटर्नशिप, २०३०. त्यानंतर बॉण्डचं एक वर्ष. तुम्हाला हवा तो भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचा तर आणखी तीन वर्षं, म्हणजे २०३३-३४, तेही पीजीला पहिल्याच फटक्यात नंबर लागला तर. आज मागितलेल्या वाढीव जागा याच्याही पुढच्या.

दुसरं, १०० च्या १५० म्हणजे पाटी बदलण्याचं काम नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या किमान मानकांप्रमाणे १०० जागांना ४२० खाटा आणि ८५ अध्यापक लागतात. १५० ला ६०५ खाटा आणि ११४ अध्यापक. खाटा नुसत्या मांडून चालत नाही, त्या भरलेल्या दिसाव्या लागतात. एवढे अध्यापक गडचिरोलीत नवे कुठून येणार? मग सोपा मार्ग निघतो: तपासणीच्या आधी आसपासच्या रुग्णालयांतले तज्ज्ञ प्रतिनियुक्तीवर कॉलेजात न्यायचे. कागदावर कॉलेज उभं राहतं आणि तालुक्यातला होता नव्हता तोही डॉक्टर उचलला जातो. मोठं कॉलेज मागण्यात तालुक्याचा धोका हा आहे, आणि याची चर्चा कोणी करत नाही.

आता जागा आहेत त्यांत बसतं कोण? १०० पैकी १५ टक्के अखिल भारतीय कोटा. उरलेल्या ८५ राज्याच्या. २०२० पर्यंत राज्याच्या कोट्यात ७०:३० चं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभर खुल्या. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. मराठवाड्याची ती मागणी होती आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर तिला आधारही होता, कारण विदर्भात कॉलेजं जास्त होती. आज गडचिरोलीच्या कॉलेजात कोल्हापूर, नाशिक, पुण्याचा विद्यार्थी गुणांवर येऊ शकतो. त्यात गैर काही नाही, पण तो जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंच्याला राहील हे धरून चालू नका. तसं पाहिलं तर जुन्या सूत्राचा लाभही बहुतेक नागपुरात क्लास लावणाऱ्यांनाच व्हायचा.

जगभरच्या अनुभवात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खेड्यात टिकतो तो बहुतेक खेड्यातून आलेला, आणि खेड्यात शिकलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींतही हे आहे, २०२१ च्या सुधारित शिफारशींतही. जपानने १९७२ मध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी याचसाठी काढली. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं निवडायची, फी प्रांताने भरायची, शिकून झाल्यावर नऊ वर्षं त्याच प्रांतात प्रांत सांगेल तिथे काम. आपल्याकडे तमिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी एमबीबीएसच्या ७.५ टक्के जागा ठेवल्या.

महाराष्ट्रातही २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने याच्या जवळ जाणारा प्रस्ताव मान्य केला होता: एमबीबीएसच्या १० टक्के जागा दुर्गम भागात सात वर्षं सेवा देणाऱ्यांसाठी आणि पीजीच्या २० टक्के जागा पाच वर्षं सेवा देणाऱ्यांसाठी. निवेदनात याचा संदर्भ द्या. "नवीन काही मागत नाही, तुम्हीच मान्य केलेलं मागतो" असं लिहिता येतं.

एक सावधगिरी. पीजीच्या जागा स्थानिकांसाठी राखा असं लिहू नका. रहिवासावर आधारित पीजी आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ ला घटनाबाह्य ठरवलंय. ती एक ओळ असली तर सगळं निवेदन बाजूला ठेवायला निमित्त मिळतं.

हे सगळं लांब पल्ल्याचं. वर्षभरात दिसेल असं काय मागायचं तर जिल्हा निवासी कार्यक्रम, ज्याला दवाखान्यात सगळे डीआरपी म्हणतात. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात (एक सत्र सहा महिन्यांचं) तीन महिने जिल्हा पातळीच्या सरकारी रुग्णालयात काम करावंच लागतं, नाहीतर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. २०२३ च्या नियमांत अट ५० खाटांची झाली, पूर्वी ती १०० ची होती. तुमचं रुग्णालय ३० खाटांचं आहे, म्हणून ते यादीत येतच नाही. अडकलंय ते इथे.

---

सेवांतर्गत_एमओ

वरच्या सरांशी बहुतेक सहमत. बॉण्डबद्दल थोडं वेगळं सांगतो, कारण निवेदनांत लोक हमखास "बॉण्ड कडक करा" लिहितात.

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख दंड. पीजीला ५० लाख, सुपरस्पेशालिटीला २ कोटी. आकडे कमी नाहीत. अडचण दंडात नाही, वेळापत्रकात आहे. इंटर्नशिप संपते, नियुक्तीची यादी लागते, रुजू होईपर्यंत काही आठवडे जातात, मग नीट-पीजी. नंबर लागला की बॉण्ड पुढे ढकलून माणूस पीजीला जातो. त्यामुळे तुमच्या वाट्याला येतं ते तुटक वर्ष आणि डोळ्यासमोर परीक्षेचं पुस्तक. त्याला दोष देऊन उपयोग नाही. दुसरं, बॉण्डच्या पदांत मेडिकल कॉलेजमधली पदंही असतात आणि ती आधी भरतात. मागायचंच असेल तर "दुर्गम तालुक्यांतली पदं आधी भरल्याशिवाय कॉलेजची पदं पसंतीला खुली करू नयेत" हे मागा.

टिकणारा माणूस मिळतो तो सेवांतर्गत पीजीतून. आधीच सरकारी नोकरीत असलेला, तालुक्यात पाच-सात वर्षं काढलेला वैद्यकीय अधिकारी (एमओ) पीजीला पाठवायचा आणि शिकून आल्यावर त्याच भागात तज्ज्ञ म्हणून ठेवायचा. राज्यांना असा कोटा ठेवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० ला तमिळनाडूच्या खटल्यात स्पष्ट केलं. तमिळनाडू राज्याच्या निम्म्या जागा सेवेतल्यांना देतं, आपल्याकडे २०२२ मध्ये २० टक्के ठेवल्या. पण कोटा असूनही एक भोक राहतं: शिकून आलेल्याला तज्ज्ञाच्या पदावर नेमायला तालुक्यात ते पदच नसतं. ३० खाटांच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, भूलतज्ज्ञाचं पद शोधून बघा. एमडी भूलशास्त्र झालेला माणूस एमओच्या पदावर बसून ओपीडीत खोकल्याची गोळी लिहितो आणि पुढच्या बदलीत नागपूर मागतो.

आणखी एक दार आहे, आणि ते कमी लोकांना माहीत आहे. पूर्वी डीए, डीजीओ, डीसीएच अशा दोन वर्षांच्या पदविका होत्या. तालुक्यातले बहुतेक भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ त्यांतूनच यायचे. २०१८ नंतर कॉलेजांनी त्या जागा एमडी-एमएसमध्ये बदलून घेतल्या. कॉलेजची शान वाढली, तालुक्याचा पुरवठा आटला. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एमबीबीएसनंतरच्या दोन वर्षांच्या पदविका पुन्हा सुरू केल्या. आठ विषय: भूल, स्त्रीरोग, बालरोग, कुटुंबवैद्यक, कान-नाक-घसा, नेत्र, क्ष-किरण निदान, क्षय व छाती. त्यासाठी मेडिकल कॉलेज लागत नाही, १०० खाटांचं रुग्णालय चालतं. म्हणजे १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय स्वतःच शिक्षणसंस्था होऊ शकतं. सरकारी रुग्णालयांतल्या निम्म्या जागा राज्याच्या सेवेतल्या डॉक्टरांना.

अर्ज नाकारला जातो तो बहुतेक एकाच कारणाने. त्या विषयाचे पूर्णवेळ तज्ज्ञ रुग्णालयाच्या नावावर नसतात, किंवा अर्जाच्या वेळी असतात आणि तपासणीच्या वेळी बदली झालेली असते. म्हणून "मान्यता मिळून पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत शिकवणाऱ्या तज्ज्ञांची बदली करू नये" ही अट ठरावातच टाका.

---

झाडीचा_गडी

राजेहो, एवढं लांबण कायले लावता? एमबीबीएस येत नाही तं बीएएमएसवाल्यायले नाहीतर होमिओपॅथीवाल्यायले सहा महिन्याचं ट्रेनिंग द्या अन् बसवा. छत्तीसगडात तीन वर्षाचा डॉक्टर होता न्?

---

पीएसएम_शिक्षक

@झाडीचा_गडी होता. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. त्यातून आलेल्यांना पुढे ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलं, आणि ताप, जुलाब, हिवताप, साधं बाळंतपण यात त्यांचं काम चांगलं झालं. अभ्यासक्रम मात्र काही वर्षांतच बंद पडला, कारण त्या पदवीला कायद्यात जागा कुठे हेच ठरलं नव्हतं. आसामचा अशाच धर्तीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रद्द केला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात कलम ३२ आहे, मर्यादित परवान्याचा सामुदायिक आरोग्यसेवक, पण ते वेगळं प्रकरण.

आपल्याकडे उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, आहेत. त्यांत बीएएमएस आणि नर्सिंगवाले सहा महिन्यांचा कोर्स करून येतात आणि रक्तदाब, मधुमेह, सिकलसेलच्या गोळ्या, गरोदर मातेची तपासणी हे त्यांना चांगलं जमतं. पण या धाग्यातला प्रश्न सिझरचा आहे. तिथे सीएचओ नेमून काही होत नाही. दोन वेगळ्या उणिवा एकाच शब्दात बोलल्या की मागणीही चुकते. २०२१-२२ ची ग्रामीण आरोग्य सांख्यिकी बघा: देशभरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर, तज्ज्ञांची कमतरता ७९.५ टक्के. शल्यचिकित्सकांची ८३.२, बालरोगतज्ज्ञांची ८१.६. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएसची कमतरता याच्या कुठेच जवळ नाही.

---

भूलतज्ज्ञ_पूर्व_विदर्भ

डीआरपीची मागणी बरोबर आहे, पण तिच्यात एक फट आहे. ती आधी बुजवा.

रेसिडेंट शिकायला येतो. त्याच्यावर देखरेख करायला त्या विषयाचा तज्ज्ञ तिथे हजर पाहिजे. तिसऱ्या सत्रातला भूलशास्त्राचा विद्यार्थी एकट्याने झटके आलेल्या गरोदर बाईला भूल देणार नाही, आणि त्याने देऊही नये. म्हणजे जिथे भूलतज्ज्ञ नाही तिथे भूलशास्त्राचा रेसिडेंटही मिळत नाही. काही ठिकाणी तो पाठवतात आणि मग ओपीडी काढायला बसवतात. तीन महिने झाले की त्याच्या कॉलेजात बोभाटा होतो आणि पुढची बॅच तो दवाखाना निवडत नाही.

क्रम असा असला पाहिजे. आधी दोन भूलतज्ज्ञ आणि दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, एकाच ठिकाणी. मग रेसिडेंट. मग पदविका. उलटा क्रम लावला की काहीच उभं राहत नाही.

दोन का? एक भूलतज्ज्ञ म्हणजे महिन्याचे तीस दिवस, चोवीस तास ऑन-कॉल. सहा-आठ महिन्यांत माणूस राजीनामा देतो, आणि लोक म्हणतात डॉक्टर टिकत नाहीत. दोघे असले की पंधरा-पंधरा दिवस, सुटी, आजारपण, परिषद, सगळं निघतं. म्हणून कितीही कडू लागलं तरी सांगतो: तीन तालुक्यांत एकेक तज्ज्ञ मागण्यापेक्षा तिघांच्या मध्ये पडेल असं एक रुग्णालय निवडा आणि चारही पदं तिथेच मागा. "आमच्याच तालुक्यात" म्हणून हटून बसलात तर स्त्रीरोगतज्ज्ञ एका तालुक्यात, भूलतज्ज्ञ दुसऱ्यात, अशी नेमणूक होते आणि सिझर कुठेच होत नाही. हे होतंच, वारंवार होतं.

ज्या तालुक्यांतून अंतर राहतं तिथे माहेरघर योजना नीट चालवा. तारखेच्या आधी काही दिवस जोखमीच्या बाईला तिथे आणून ठेवायची सोय आहे. पावसाळ्यात नाले भरले की तोच आधार.

एमबीबीएस डॉक्टरला चार ते सहा महिन्यांत सिझरपुरती शस्त्रक्रिया किंवा सिझरपुरती भूल शिकवायची प्रशिक्षणंही राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहेत. चांगली आहेत, पण फसतात. दोघांना शिकवून दोन वेगळ्या गावांत पाठवतात. किंवा परत आल्यावर महिनोन्महिने एकही केस मिळत नाही, मग हात आणि धीर दोन्ही जातात. पाठवायचंच तर जोडीने पाठवा आणि जोडीनेच नेमा, आणि सुरुवातीच्या केसेसना अनुभवी तज्ज्ञ शेजारी उभा राहील अशी सोय करा.

माणसांइतकंच रक्त महत्त्वाचं. रक्तपेढी मागू नका, रक्त साठवण केंद्र मागा. साधारण १० चौरस मीटरची स्वच्छ खोली, रक्तपेढीचा स्वतंत्र फ्रिज, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि एका मान्यताप्राप्त रक्तपेढीशी लेखी जोडणी. औषध प्रशासनाची मंजुरी दोन वर्षांची असते, नूतनीकरण विसरलं की केंद्र बंद. वर्षाला २००० पिशव्यांपर्यंतची मर्यादा आहे, तालुक्याला ती भरपूर. तापमान २ ते ६ अंश. आपल्याकडे बिघडतं ते इथे: रात्री लाईट जाते, जनरेटरमध्ये डिझेल नसतं, सकाळी फ्रिजचा आकडा दहावर. त्या पिशव्या फेकाव्याच लागतात. एकदा असं झालं की जिल्ह्याची रक्तपेढी पुढच्या वेळी हात आखडता घेते. सिकलसेलचे रुग्ण आपल्या पट्ट्यात किती आहेत ते वेगळं सांगायला नको, त्यांनाही हेच रक्त लागतं. म्हणून फ्रिजला इन्व्हर्टरची वेगळी लाईन आणि डिझेलसाठी ठरलेला खर्च, हे ठरावात लिहा.

आणि बाळासाठी चार खाटांचा नवजात स्थिरीकरण कक्ष. सिझर करून काढलेलं बाळ रडलं नाही तर ते कुठे न्यायचं हा विचार पहिल्या दिवशीच करायचा असतो.

---

कठाणीकाठ

सगळ्यांचे आभार. आमचा "आमच्याच तालुक्यात" हा आग्रह होता हे खरंच, त्यावर बसून बोलावं लागेल. दोन शंका राहिल्या. एक, ३० चं ५० खाटांचं करायला इमारतीचा पैसा, मग पदनिर्मिती, यात किती वर्षं जातील कोण जाणे. तोवर खनिज निधीतून तज्ज्ञांचा पगार देता येतो का? पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याचा) पाच टक्के निधी ग्रामसभांकडे आहे, तो वापरावा का? दुसरी, कॉलेजची मुलं गावांत येतात ते कुटुंब दत्तक वगैरे, त्याचा दवाखान्याला काही उपयोग होतो का?

---

लेखाशाखा

पैशाचं मी सांगतो.

पेसाचा पाच टक्के निधी डॉक्टरच्या पगारावर लावू नका. गावाला येणारी रक्कम लोकसंख्येच्या हिशेबाने येते, तज्ज्ञाच्या दोन महिन्यांनाही पुरणार नाही, आणि लेखापरीक्षणात अडकेल ते वेगळं. त्यातून गावपातळीचं घ्या: उपकेंद्राचं पाणी, सौर दिवे, माहेरघरातला स्वयंपाक.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीत आरोग्य हे अग्रक्रमाचं क्षेत्र आहे. अग्रक्रमाच्या क्षेत्रांवर आधी किमान ६० टक्के खर्चाची अट होती, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती ७० झाली. पलीकडे बिजापूर, दंतेवाड्यात याच निधीतून तज्ज्ञ डॉक्टर कंत्राटावर आणले गेले. मात्र खाणीमुळे बाधित क्षेत्राची यादी असते. तुम्ही सुचवलेलं रुग्णालय त्या यादीतल्या गावांना सेवा देतं हे आकड्यांनी दाखवावं लागतं: मागच्या वर्षी त्या गावांतून किती बाळंतपणं आली, किती रेफर झाली. ही माहिती रुग्णालयाच्या प्रसूती नोंदवहीतून आणि रेफरल रजिस्टरमधून काढा. माहिती अधिकारात मागितली तरी मिळते, पण अधीक्षकांशी बोलून आणली तर लवकर मिळते. रुग्णांची नावं मागू नका, फक्त आकडे.

आरोग्य अभियानात तज्ज्ञाने स्वतः मानधनाचा आकडा सांगायचा आणि शासनाने तो तपासून मान्य करायचा अशीही पद्धत आहे. अभियानाची रक्कम आणि खनिज निधीची भर असं मिळून मागितलं तर प्रस्ताव हलतो. नुसतं खनिज निधीवर ठेवलं तर जिल्हाधिकारी बदलले की गाडी अडते. तीन वर्षांची तरतूद एकाच ठरावात मंजूर करून घ्या.

क्वार्टरचं आधी बघा. रेसिडेंट येण्यापूर्वी राहायची सोय लागतेच. चार रेसिडेंट दर तीन महिन्यांनी बदलत आले तरी खोल्या तेवढ्याच लागतात, मुलींसाठी वेगळ्या. दवाखान्याच्या आवारातच, कारण रात्री दोनला बोलावल्यावर गावातून यायला नको. पाणी, इन्व्हर्टर, इंटरनेट, मेस. प्रबंधाचं काम आणि ऑनलाइन तास चालू असतात, नेट नसलं तर मुलं दर शनिवारी पळतात. जुनी क्वार्टरं बांधकाम विभागाकडे "वापरण्यास अयोग्य" म्हणून लिहिलेली असतात. दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागवून घेतल्याशिवाय निवेदन देऊ नका, नाहीतर उत्तर येतं, "निवासस्थान उपलब्ध नाही".

---

पीएसएम_शिक्षक

कुटुंब दत्तक कार्यक्रमाबद्दल: तो पहिल्या वर्षाच्या मुलांचा आहे. मुलं कुटुंबं घेतात, पुढची वर्षं त्यांच्याकडे जात राहतात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसीकरण, एवढं निघतं. दवाखान्याचा भार त्याने हलका होत नाही. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात अनेक वर्षांपासून गाव दत्तक घेण्याची पद्धत आहे आणि तिचा उपयोग मुलाला गाव कळण्यासाठी जास्त होतो.

दवाखान्याला उपयोग इंटर्नचा. इंटर्नशिपमधले १२ आठवडे जनऔषधवैद्यकाचे (कम्युनिटी मेडिसिनचे) असतात आणि त्यासाठी कॉलेजला ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र लागतंच. नव्या कॉलेजचा कल ते शहराच्या वेशीवर ठेवण्याचा असतो, बस सोयीची म्हणून. गडचिरोलीची पहिली बॅच इंटर्नशिपला २०२९ मध्ये येईल. केंद्र कुठे असावं हे बोलायची वेळ आता आहे, इमारत झाल्यावर नाही. वसतिगृहासकट तालुक्यात मागा. तिथे त्यांना हिवतापाची स्लाइड वाचायला, सर्पदंशात काचेच्या नळीत २० मिनिटं रक्त गोठतं का ते बघायला, कीटकनाशकाच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेत ॲट्रोपिन कसं वाढवत न्यायचं ते शिकायला मिळेल. शहरातल्या वॉर्डात हे रुग्ण येतात ते उशिरा आणि बिघडून.

एक नवी वाटही आहे. २०२५ च्या अध्यापक पात्रता नियमांनुसार २२० खाटांच्या वरची सरकारी रुग्णालयं शिक्षणसंस्था म्हणून घेता येतात. तिथला दहा वर्षं अनुभवाचा तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक आणि दोन वर्षं अनुभवाचा सहायक प्राध्यापक होऊ शकतो, संशोधनाचा पायाभूत कोर्स पुढच्या दोन वर्षांत करायच्या अटीवर. तालुक्याला थेट लागू नाही, पण जिल्ह्यातल्या तज्ज्ञाला "इथे राहिलो तर प्राध्यापक होता येतं" हे दिसलं की नागपूरला पळायचं एक कारण कमी होतं.

---

सेवांतर्गत_एमओ

शेवटचं, पत्त्यांचं. यावर निवेदनं मरतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभाग. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. कॉलेज अधिष्ठात्यांकडे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभाग. एकच कागद तिघांना दिला तर तिघेही "संबंधित विभागाकडे अग्रेषित" लिहितात.

तीन वेगळी पत्रं करा. शल्यचिकित्सकांना: ५० खाटांचं श्रेणीवर्धन, एकाच ठिकाणी भूल आणि स्त्रीरोगाची दोन-दोन पदं, रक्त साठवण केंद्र. अधिष्ठात्यांना: प्रशिक्षण केंद्राची जागा आणि तपासणीसाठी तालुक्यातले तज्ज्ञ न हलवण्याची लेखी हमी. जिल्हाधिकाऱ्यांना: खनिज निधी, क्वार्टर, इन्व्हर्टर-डिझेल.

डीआरपीचं पत्र मात्र गडचिरोलीच्या कॉलेजला देऊ नका. तिथे सध्या पदव्युत्तर रेसिडेंटच नाहीत. ते नागपूर, यवतमाळ, सेवाग्रामकडून येतील, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण संचालनालयाला लिहा आणि प्रत जिल्ह्याच्या डीआरपी समन्वयकाला. ५० खाटांचा शासन निर्णय हातात आल्यावरच ते पत्र टाका, आधी टाकलंत तर "निकषात बसत नाही" एवढंच उत्तर येईल.